किंवा तत्सम

परदेशच्या सहलीला निघणाऱ्या माणसाने सहलीचे पत्रक कसे वाचावे, याची मला आता चांगली अक्कल आली आहे. बर्फाच्या डोंगराचे चित्र आधी बघू नये. ‘सर्व भोजनांसह’ या शब्दांवरही भाळू नये. सरळ शेवटचे पान काढावे, चष्मा लावावा आणि हॉटेलांच्या यादीखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काय छापले आहे ते शोधावे. तिथे दोन शब्द असतात – ‘किंवा तत्सम’. हे दोन शब्द काय काय करू शकतात, ते मला कॉकेशसच्या डोंगरात कळले. त्यांचा पुरता अर्थ मात्र परत आल्यावर, जालना जिल्ह्यातल्या आमच्या कुंभार पिंपळगावातच कळला. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मी बँकेतून निवृत्त झालेला साधा गृहस्थ. छत्रपती संभाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मूळ गाव घनसावंगी तालुक्यातले कुंभार पिंपळगाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब तिथून जवळच. लहानपणी रामनवमीला आम्ही बैलगाडीने जांबेला जात असू. पिंपळगावात आजोबांनी निजामाच्या काळात बांधलेले आमचे माळवदाचे घर आहे. पुढे ढेलज, आत अंगण, ओसरी, दोन खोल्या आणि एक बळद. त्या घरात माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई एकटी राहते.

राहते म्हणजे, तिने एकटे राहू नये असे आम्हा दोघा भावांचे ठरले होते. थोरले दादा जालन्याला असतात. माळवद गळते, न्हाणीघर अंगणापलीकडे, रात्री उठताना पाय घसरला तर पाणी द्यायला कोणी नाही. घर विकावे, आलेल्या पैशात दादांच्या शेजारीच एक लहान फ्लॅट घ्यावा आणि आईला तिथे ठेवावे, असा बेत. गिऱ्हाईकही मिळाले होते. दसऱ्याला सौदा पक्का करायचा होता.

आईला मी स्वतः समजावले. म्हटले, ‘‘आई, तिथं लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, खोलीला लागून बाथरूम आहे. इथल्यासारखंच घर, पण सगळ्या सोयी.’’

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘सकाळी दार उघडलं की इथं कुनीतरी ‘काय माय, उठल्या का’ म्हनतंय. तिथं कोन म्हनंल?’’

या प्रश्नाला मी हसलो आणि सहलीच्या तयारीला लागलो.

पितृपक्षातली स्वस्ताई

जॉर्जियाच का, असे अनेकांनी विचारले. खरे कारण सांगतो. २०२४ च्या सप्टेंबरातली ती सहल पितृपक्षात येत होती, आणि पितृपक्षात आपली माणसे सोने घेत नाहीत, घर घेत नाहीत, सहलीलाही फारशी जात नाहीत. त्यामुळे दर उतरला होता. आमच्या सौ.च्या भिशीतल्या दोघीजणी तिथे जाऊन आल्या होत्या, हे दुसरे कारण. आणि घरात दुसऱ्या कारणाचे वजन नेहमीच जास्त असते.

हा जॉर्जिया अमेरिकेतला नव्हे. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, रशियाच्या दक्षिणेला आणि तुर्कस्तानच्या ईशान्येला कॉकेशस पर्वताच्या कुशीत वसलेला हा चिमुकला देश. क्षेत्रफळ सुमारे ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याहून थोडाच मोठा. वस्ती मात्र चाळीस लाखांच्या आतच. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघात होता. स्टालिनचा जन्म इथल्याच गोरी गावचा. आणि द्राक्षाची दारू करण्याची तिथली परंपरा जगातल्या सर्वांत जुन्या परंपरांपैकी एक. तिबिलिसी या राजधानीच्या दक्षिणेला दोन प्राचीन वस्त्यांच्या उत्खननात मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. त्यांवर द्राक्षमद्याचे सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे अंश सापडल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

हे शेवटचे मी घरात सांगितले नाही. तरी आईने फोनवर विचारलेच, ‘‘काय बघायचं तिथं?’’

‘‘डोंगर, देवळं आणि द्राक्षाचे मळे.’’

‘‘द्राक्षं तर कडवंचीला बी हायेत की,’’ आई म्हणाली.

कडवंची आमच्याच जिल्ह्यातली. पाणलोटाची कामे करून त्या गावाने माळरानावर द्राक्षे पिकवली आहेत. आणि आमच्या शेजारच्या दौलताबादच्या द्राक्षांची वाखाणणी चौदाव्या शतकात इब्न बतूताने करून ठेवली आहे. तेव्हा आईचे काही चुकले नव्हते.

खोल्यांचे गणित

आम्ही चोवीस जण होतो. दादरच्या काकू एकट्याच होत्या, नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर पत्नीसह होते, पुण्याच्या तीन बहिणी होत्या, आणि आम्हा सगळ्यांना ‘काका-काकू’ म्हणणारा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा टूर मॅनेजर होता. तिबिलिसीत सकाळी उतरलो आणि पहिला धडा मिळाला. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. विमान सकाळी सहाला उतरले, हा हॉटेलचा दोष नव्हे. मग आंघोळ न केलेली चोवीस मराठी माणसे हॉटेलच्या दिवाणखान्यात बॅगांना टेकून चिवड्याचा डबा फिरवीत बसली. बाहेर जाणारे पाहुणे आमच्याकडे बघत आणि आम्ही त्यांच्याकडे ‘तुम्ही निघा म्हणजे आम्हाला खोली मिळेल’ अशा नजरेने बघत होतो.

खोल्या मिळाल्यावर एक गंमत सुरू झाली. आपली खोली कशी आहे हे कोणी बघतच नाही. दुसऱ्याची कशी आहे हे बघायला जातो. पाच मिनिटांत सारा मजला एकमेकांच्या खोल्यांत फिरून आला. ‘तुमची मोठी आहे हो!’ ‘तुम्हाला टब मिळाला?’ आम्हाला दोघांत मिळून एकच रजई होती आणि खिडकी शेजारच्या भिंतीत उघडत होती. लिफ्ट इतकी लहान की माणूस आणि बॅग यांपैकी एकाला जिन्याने जावे लागे. न्हाणीघरात तांब्या नव्हता. पण तो जगात कुठेच नसतो म्हणून आमच्या सौ.ने प्लॅस्टिकचा मग घरूनच घेतला होता. मी खिशातली छोटी वही काढली आणि तक्रारींची यादी सुरू केली. तक्रार क्रमांक एक : रजई.

या व्यवहारामागचे गणित मला टूर मॅनेजरने बसमध्ये समजावून दिले. ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. सहलीचा दर दोघांत एक खोली धरून काढलेला असतो. म्हणून एकट्या माणसाला जादा पैसे पडतात, नाहीतर अनोळखी माणसाबरोबर राहावे लागते. हॉटेले बहुधा गावाबाहेर असतात, कारण गावात मोठी बस उभी करायला जागा नसते आणि दरही चढा असतो. खोल्या कित्येक महिने आधी अडवून ठेवतात. पण अडवणे आणि मिळणे यांत कधीकधी अंतर पडते. त्या अंतरावर टाकलेला पूल म्हणजे ‘किंवा तत्सम’.

त्याच दिवशी दुपारी गाईडबाईंनी शहराच्या मध्यवर्ती चौकातली एक उंच, काचेची इमारत दाखवली. ‘‘हे हॉटेल इव्हेरिया. १९६७ साली बांधले. सोव्हिएत काळात शहराची शान होते. पुढे युद्ध झाले आणि त्यात निर्वासित राहिले. आता पुन्हा मोठे हॉटेल झाले आहे.’’ दोघा-तिघांनी फोटो घेतले. मी इंजिनिअरसाहेबांना म्हटले, ‘‘आपल्याला यात का नाही उतरवले?’’ ते म्हणाले, ‘‘हेच विचारणार होतो.’’

डोंगराकडची बाजू

दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघालो. हा रस्ता रशियन सैन्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून काढला. आजही त्याला लष्करी रस्ता म्हणतात. वाटेत अनानुरीचा किल्ला लागतो, त्याच्या पायथ्याशी झिनवालीचा जलाशय. मग घाट सुरू होतो. खिंड सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर! पलीकडे उतरल्यावर स्तेपांत्समिंदा हे गाव, समोर पाच हजार मीटरांहून उंच काझबेक, आणि मधल्या टेकाडावर २,१७० मीटरवर गेर्गेतीचे चौदाव्या शतकातले दगडी देऊळ. ते पाहून दादरच्या काकूंनी नकळत हात जोडले. देव कोणाचाही असो, इतक्या उंचावर बसला की आपला वाटतो.

हॉटेल छान होते. पण अर्ध्या खोल्या डोंगराकडे आणि अर्ध्या मोटारतळाकडे. आम्हाला मोटारतळ आला. पुण्याच्या बहिणींनी संध्याकाळी आपल्या गच्चीवर चहाला बोलावले, बर्फावरचे तांबडे ऊन दाखवले, पण मला तो चहा गोड लागला नाही. सौ. म्हणाली, ‘‘अहो, डोंगर इथून बघा की! तो काय त्यांच्या भाड्यात आहे?’’ मी वहीत तक्रार क्रमांक सात लिहिली.

चौथ्या दिवशी पूर्वेला कखेती प्रांतात उतरलो. हा द्राक्षांचा मुलूख. एका बाजूला कॉकेशसची रांग आणि खाली आलाझानी नदीचे रुंद खोरे, जिकडे बघावे तिकडे मळे. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे द्राक्षांची तोडणी चालते. आपल्याकडे ऊसतोडणीच्या वेळी कारखान्याच्या वाटेवर जशा गाड्या दिसतात, तशी द्राक्षांनी भरलेली वाहने रस्त्याने चालली होती. तोडणीला शहरातले नातेवाईक घरी येतात, पाहुणे येतात, आणि हौशी प्रवासीही येतात.

हे हौशी प्रवासी आमच्या आधी येऊन आमच्या खोल्यांत झोपले होते.

संध्याकाळचे साडेसात. हॉटेलच्या मालकाने हात पसरून सांगितले की खोल्या नाहीत. टूर मॅनेजर पांढरा पडला. फोन झाले, आवाज चढले. नागपूरकरांनी पैसे परत मागितले. पुण्याच्या एका बहिणीला रडू आले. अखेर तासाभराने तोड निघाली : तेलावीजवळच्या एका खेड्यात चार घरांतून आम्हाला वाटून द्यायचे. टूर मॅनेजर हात जोडून म्हणाला, ‘‘काका, एक रात्र. पत्रकात ‘किंवा तत्सम’ लिहिलेलं आहे...’’

इंजिनिअरसाहेब कडाडले, ‘‘तत्सम म्हणजे त्याच्यासारखे! हे कशासारखे आहे?’’

पेव

आम्ही दोघे आणि दादरच्या काकू एका घरी गेलो. लोखंडी फाटक, आत अंगण, अंगणावर द्राक्षाच्या वेलाचा मांडव, त्याला काळे घोस लटकलेले. वर लाकडी सज्जा. दारात चाळिशीची एक बाई उभी होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘या, या’ म्हणाली आणि काकूंच्या हातातली बॅग काढून घेतली. खोली लहान पण लखलखीत. चादरीवर हाताचे भरतकाम. न्हाणीघर दोन खोल्यांत एक. मी वही काढली. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी वही ठेवली.

आम्ही मांस खात नाही, हे तिला आधीच कळवले होते. मातीच्या भांड्यात राजम्यासारखा शिजवलेला घेवडा आला, अक्रोडाचे वाटण भरलेली वांगी आली, चीज भरलेली गरम भाकरी आली. भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेला लांबट पाव आला आणि बाई म्हणाली, ‘‘पुरी.’’ आम्हाला वाटले, ऐकण्यात चूक झाली. पण त्यांच्या भाषेत पावाला ‘पुरी’च म्हणतात! सौ. आणि काकू इतक्या हसल्या की त्या बाईलाही हसू आले, आणि कारण कळल्यावर तर तिने आणखी दोन पुऱ्या आणून ठेवल्या.

जेवण झाल्यावर तिचा सत्तरीचा सासरा आम्हाला घरामागच्या कोठीत घेऊन गेला. तिला ते मारानी म्हणतात. आत रिकामी मातीची जमीन, आणि जमिनीत गोल तोंडे, काही झाकलेली, काही उघडी. माझ्या तोंडून शब्द निघून गेला, ‘‘अरे, हे तर पेव!’’

आमच्या घराच्या अंगणात असेच पेव होते. ज्वारी भरायची, तोंड बंद करायचे, वर माती लोटायची. इथे धान्य नव्हे, माणूस मावेल एवढे मातीचे रांजण गळ्यापर्यंत पुरलेले होते. त्यांना क्वेव्री म्हणतात. द्राक्षे तुडवून रस, साले, देठ सगळे त्यात ओततात. आंबताना दिवसातून अनेकदा ढवळतात, मग तोंड लिंपून पाच-सहा महिने तसेच ठेवतात. जमिनीच्या पोटात गारवा सारखा राहतो, तेच यातले मर्म. या पद्धतीची नोंद २०१३ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली आहे.

हे रांजण चाकावर होत नाहीत. कुंभार मातीच्या जाड वळ्या एकीवर एक चढवतो, रोज थोडीथोडी, खालचा थर सुकला की वरचा. एक मोठा रांजण उभा राहायला कित्येक आठवडे लागतात. मग लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच आतून मेण फिरवतात. असे कुंभार आता थोडे उरले आहेत, असे म्हातारा म्हणाला.

मी त्याला सांगितले की आमच्याकडे पेवात उतरण्याआधी आत पेटता कंदील सोडतात. कंदील विझला तर माणसाने उतरायचे नाही, आत विषारी हवा असते. सुनेने हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने कोनाड्यातली मेणबत्ती उचलून दाखवली. द्राक्षे आंबतात तेव्हाही तोच वायू साठतो, आणि तेही तसेच करतात. त्याने माझ्या गावाचे नाव विचारले. ‘कुंभार’ या शब्दाचा अर्थ मी सांगितल्यावर त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा निसटला. सून म्हणाली, ‘‘ते म्हणतात, मग तुम्ही पाहुणे कसले!’’

आम्ही माळकऱ्यांच्या घरातले, म्हणून मला त्याने ताजा गोड रस दिला. सौ.ने मात्र ती पिवळसर तांबडी दारू जिभेला लावून पाहिली आणि ‘‘काढ्यासारखी लागते’’ असा निकाल दिला. काकूंनी पेला संपवला. त्याबद्दल पुढे कोणी काही बोलले नाही.

चौदावा मजला

झोपण्यापूर्वी पाणी प्यायला खाली आलो, तर ती बाई मांडवाखाली एकटीच बसली होती. समोर एक बारीक पिवळी मेणबत्ती जळत होती. मी माघारी वळणार, तोच तिने खुर्ची पुढे केली. ‘‘आज २७ सप्टेंबर,’’ ती म्हणाली. ‘‘आमचं सुखुमी याच दिवशी पडलं. १९९३ साली.’’

सुखुमी म्हणजे काळ्या समुद्रावरचे शहर, अबखाझिया प्रांताची राजधानी. १९९२-९३ च्या युद्धात दोन लाखांहून अधिक जॉर्जियन माणसांना तो प्रांत सोडावा लागला. ही तेव्हा नऊ वर्षांची होती. स्वानेतीच्या डोंगरांतून बर्फातून चालत आली. आजी वाटेतच गेली. मेणबत्ती तिच्यासाठी होती. आमच्याकडेही हा पंधरवडा गेलेल्या माणसांचाच आहे, असे मी सांगितले. तिने मान हलवली.

‘‘तिबिलिसीत कुठे राहिलात?’’ मी विचारले.

‘‘हॉटेलात,’’ ती हसून म्हणाली. ‘‘इव्हेरिया. चौदावा मजला. अकरा वर्षं.’’

मी तीन दिवसांपूर्वी ज्याचा फोटो घेतला होता तेच हॉटेल. एका खोलीत पाच माणसे. सज्जे फळ्या ठोकून बंद केलेले, त्यात स्वयंपाक. लिफ्ट कधी चाले, कधी नाही. मग पाणी चौदा मजले वर वाहून न्यायचे. आईने तेलाच्या डब्यात द्राक्षाची एक काडी लावली होती, सुखुमीच्या अंगणात होती त्या जातीची. तिने वर बोट केले. आमच्या डोक्यावरचा मांडव त्याच वेलाच्या काडीचा होता.

‘‘रोज वाटायचं, यातून सुटका कधी होईल. २००४ साली झाली. हॉटेल रिकामं करायला खोलीमागे सात हजार डॉलर मिळाले. आम्ही शहराबाहेर फ्लॅट घेतला. लहान, पण आपला. नळाला पाणी. दाराला कुलूप.’’ ती थांबली. ‘‘आणि बाबा रोज सकाळी बसमध्ये बसून परत त्या चौकात जायला लागले. हॉटेल बंद होतं, तरी. समोरच्या बाकावर जाऊन बसायचे. त्यांच्यासारखे आणखी म्हातारे यायचे. आई रागवायची, म्हणायची, त्या घाणीत काय राहिलंय तुमचं? बाबा म्हणायचे, तिथं सकाळी दार उघडलं की लोक मला नावानं हाक मारायचे.’’

मेणबत्तीवर एक किडा घिरट्या घालत होता. मला काही बोलायला सुचले नाही. तांदूळ निवडणारी आई डोळ्यांपुढे आली. आणि तिच्या प्रश्नावर मी हसलो होतो, तेही आठवले.

दसरा

वाचकांना वाटेल की मी परत आलो, घर विकायचे रद्द केले आणि सगळे गोड झाले. तसे झाले नाही.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. दादा आणि मी कुंभार पिंपळगावच्या ओसरीवर बसलो. मी म्हटले, ‘‘दादा, आईला इथून हलवायला नको.’’ दादा शांतपणे म्हणाले, ‘‘रात्री पडली तर तू संभाजीनगरहून येणार की मी जालन्याहून? गल्लीतली निम्मी घरं कुलपात आहेत. ‘उठल्या का’ विचारणारी माणसं तरी किती उरलीत?’’ यातले एकही वाक्य खोटे नव्हते. दादांच्या मुलाच्या शिक्षणाचे कर्ज होते. त्यांनी या पैशावर हिशेब मांडला होता. तोही खोटा नव्हता.

शेवटी सौदा मोडला. मी माझी एक मुदत ठेव मोडून दादांना काही रक्कम दिली. ती त्यांनी घेतली, पण पुढे दोन महिने त्यांचा फोन आला नाही. माळवद दुरुस्त केले. ओसरीला लागून न्हाणीघर बांधले, आत धरायला दांडी बसवली. शेजारच्या सुनेने सकाळ-संध्याकाळ डोकावून जायचे ठरले.

आणि त्या वहीचे काय झाले? सहल कंपनीला पत्र मी लिहिलेच. पैसे मोजले होते, खोली मिळाली नव्हती. मांडवाखाली कितीही डोळे पाणावले तरी हिशेब तो हिशेब. रजई आणि मोटारतळ मात्र यादीतून काढून टाकले. महिनाभराने त्या एका रात्रीचे पैसे परत आले. त्यांत आईच्या न्हाणीघरात कमोड बसला. आई त्याला ‘तुझी ती खुर्ची’ म्हणते. एवढ्यावरून सहलीला जाणाऱ्यांना माझा सल्ला असा : हॉटेलची नावे निघण्यापूर्वी लेखी मागा, गावापासून किती दूर, ते विचारा, तिथे तेव्हा तोडणी, जत्रा, सण काय आहे ते पाहून घ्या, आणि ‘तत्सम’ न मिळाल्यास पैशांचे काय, हे आधीच ठरवून घ्या.

यंदाच्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली. मनगट मोडले. सकाळी दार उघडले नाही, म्हणून शेजारची सून भिंतीवरून डोकावली, आणि तासाभरात आई दवाखान्यात होती. मी पोहोचलो तेव्हा दादा आधीच आले होते. मला म्हणाले, ‘‘बघ, मी म्हणत नव्हतो?’’

आई पलंगावरून म्हणाली, ‘‘बघ, मी म्हनत नव्हते?’’

दोघांनी एकाच गोष्टीकडे बोट दाखवले होते आणि दोघांचेही खरे होते. मी मधे उभा होतो. अजून उभाच आहे. कोणता कंदील सोडला म्हणजे आतली हवा कशी आहे ते कळेल, हे मला ठाऊक नाही. पण पेवाच्या तोंडाशी उभे राहून हसू नये, एवढे कळले आहे.

यंदा दिवाळीला आम्ही सगळे पिंपळगावी जमणार आहोत. दादाही येतो म्हणाले आहेत. खोल्या दोन, माणसे अकरा. आईने फोनवर व्यवस्था कळवली : बायका-पोरे आत, दादा ओसरीवर, आणि मला माळवदावर गोधडी.

मी विचारले, ‘‘आई, रजई मिळेल का?’’

‘‘बघू,’’ आई म्हणाली. ‘‘न्हाई तर तसलंच कायतरी.’’